नलूआत्याची पांढरी दोन

दुपारी चारच्या सुमारास आमच्या फणसवाडीतल्या खोलीत ऊन गॅलरीच्या कठड्यातून गाळून यायचं आणि जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडायचं. त्यातली शेवटची पट्टी नलूआत्याच्या डाव्या हातावर यायची. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं की आधी नुसती खरखर ऐकू येई, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तशी, आणि त्या खरखरीतच आत्याचा तो उन्हातला हात तळवा खाली करून हवेला हलकेच दाबायचा. हळू, घाई नको, असं ती कुणाला सांगत असे ते मला कधी कळलं नाही. मग पियानोचा पहिला सूर उमटायचा, अगदी एकटा. आणि त्याच्यामागून दुसरा यायला इतका वेळ लागायचा, की लहानपणी मला वाटे, वाजवणारा माणूस मधेच उठून पाणी प्यायला गेला असावा.

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. फोर्टातल्या एका विमा कंपनीत तिने तेहतीस वर्षं टंकलेखन केलं. सोमवार ते शनिवार दुसऱ्यांच्या तातडीची पत्रं बडवणारी तिची बोटं रविवारी दुपारी मात्र मांडीवर अशी पडून राहत, की त्यांना कधी काही काम होतं यावर विश्वास बसू नये. ती कॅसेट तिला ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या एका साहेबांनी दिली होती. वर नाव-गाव काही नव्हतं, फक्त पेन्सिलीने ‘पियानो’ लिहिलेलं. एका पियानोभोवती पन्नास-साठ वाद्यांचा मेळा असलेली, तीन भागांची ती एक रचना होती. आत्या त्यातला फक्त मधला भाग ऐकायची. पहिला भाग तिला भांडणासारखा वाटे आणि तिसरा लग्नघरासारखा. "मला दोन्हीकडे काही काम नसतं," असं ती म्हणायची.

मधला भाग संथ होता. संथ हा शब्दही त्याला अपुरा पडावा. एखाद्या आजारी माणसाला जिना उतरवताना आपण प्रत्येक पायरीवर थांबतो, तशी त्याची चाल होती. पाश्चात्त्य संगीतातलं आत्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण ती लहानपणापासून पेटी शिकली होती, नाट्यपदं वाजवायची, आणि त्या परक्या रचनेतला कोमल गांधार तिने पहिल्याच ऐकण्यात टिपला होता. "गांधार कोमल आहे, म्हणजे दुःख ओळखीचंच आहे," असा तिचा निर्वाळा. पियानो वाजवणारी व्यक्ती बाईच आहे, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. ही बाई एक प्रश्न विचारते, मागचे सगळे व्हायोलिनवाले उत्तर टाळून भलतंच बोलतात, आणि तरीही ती रागावत नाही, तोच प्रश्न थोडा खाली येऊन पुन्हा विचारते. असा तिने त्या अकरा-बारा मिनिटांचा अर्थ लावला होता. मला वाटतं, तिच्या आयुष्याचा अर्थही काहीसा तसाच होता. पण हे मी आज लिहितोय. तेव्हा मी कठड्याला टेकून कैरी खात असे.

तिची एक रीत होती. कॅसेट लावण्याआधी ती पेटी पुढ्यात ओढायची, भात्याचे दोन हलके झोके देऊन पांढरी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी दाबायची आणि तो सूर खोलीभर पसरला की मगच टेपचं बटण दाबायची. पियानोचा पहिला सूर नेमका त्यावर येऊन बसे, केसाचाही फरक नसे. एकदा मी विचारलं, "आत्या, ते लोक तर आधीच वाजवून मोकळे झालेत. त्यांना तू सूर कशाला देतेस?"

"पाहुणा आला की पाट मांडतो ना रे आपण?" ती म्हणाली. "तसंच हे."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण या शब्दचित्रात जी चिरफाड झाली आहे ती माझ्या हातची आहे. मी दुरुस्तीखोर माणूस आहे. परळच्या एका गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, औषधांच्या पाकिटांवरचा मजकूर तपासण्याचं काम मी करतो. चूक दिसली की ती काढल्याशिवाय मला घास जात नाही. चाळीतल्या गणपतीला एका वर्षी ऑफिसातली लीना जेवायला आली होती. ती लहानपणापासून पियानो शिकलेली. रविवार होता, आत्याने शिरस्त्याप्रमाणे कॅसेट लावली, आणि लीना ऐकता ऐकता कपाळाला आठ्या घालून मला गॅलरीत घेऊन गेली.

"अरे विनय, हे स्लो चाललंय," ती हळूच म्हणाली. "सूर पण उतरलाय. ओरिजिनल डी मायनरमध्ये आहे, हे मधेच कुठेतरी लटकलंय. टेपचा पट्टा सैल झाला असणार."

झालं. चाळीस वर्षं आमच्या घरात एक चूक राहत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता! कॅसेट हळू फिरली की सूर उतरतो आणि चालही मंदावते, दोन्ही एकाच दोरीला बांधलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. लीनाने रचनेचं नाव सांगितलं, वादक कोण असावा तेही सांगितलं. मी रातोरात तेच रेकॉर्डिंग शोधून काढलं, स्वच्छ, खरखरीविना, योग्य गतीत आणि योग्य सुरात. तेवढ्यात चाळ पुनर्बांधणीला गेली. मी लग्नानंतर शीवला राहत होतो, आत्या तिथे आमच्याकडे राहायला आली. बोटं सांध्यांत धरायला लागल्यामुळे पेटी तिने लालबागच्या एका भजनी मंडळाला देऊन टाकली. ती कुणाला द्यायची हे तिनेच ठरवलं. टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट भंगारात द्यायचं मात्र मी ठरवलं. तिला विचारलंही नाही. मोबाईलमध्ये त्याहून चांगलं आहे, मग अडगळ कशाला, असा माझा सरळ हिशेब होता.

तिच्या वाढदिवसाला मी छोट्या स्पीकरवर ते शुद्ध रेकॉर्डिंग लावलं. आत्या हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. शाळेतल्या बक्षीस समारंभात दुसऱ्याच्या मुलाला बक्षीस मिळताना आपण जसं हसतो, तशी ती हसली.

"छान आहे रे," ती म्हणाली. "पण ही कुणी वेगळी आहे. हिला कुठेतरी जायचंय. माझीला कुठे जायचं नव्हतं."

"तीच आहे गं! आधी टेप हळू चालत होता, म्हणून तुला तसं वाटतंय."

"असेल," ती म्हणाली. पुढे एकदाच, डाळ निवडताना, तिने "ती कॅसेट कुठे आहे रे?" असं सहज विचारलं, आणि मी "अगं, मोबाईलवर आहे ना!" असं उत्तर दिलं. तिने मान डोलावली. त्यानंतरची सहा वर्षं तिने ते संगीत ऐकायला मागितलं नाही, आणि ती मागत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. चुका काढण्यात हयात गेलेल्या माणसाची ही कीर्ती.

गेल्या मार्गशीर्षात, सकाळी चहाचा कप उचलता उचलता आत्याच्या हातून सुटला आणि ती खुर्चीतच एका बाजूला कलली. परळच्या इस्पितळात नेलं. उजवं अंग गेलं होतं, शब्द गेले होते, गिळता येत नव्हतं म्हणून नाकात नळी घातली होती. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी येत-जात नव्हतं. मी समोर उभा राहिलो तरी ती माझ्यातून आरपार खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बघत राही. डॉक्टर तरुण होते, पण थापा मारणारे नव्हते. "समजतंय किती ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "वय आहे, छातीतही कफ भरतोय. ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा. थोडा जरी प्रतिसाद आला तरी आपल्याला धरायला काही मिळेल."

ओळखीचं काय, ते मला पाठ होतं. मी धावतपळत मोबाईल तिच्या कानाशी धरला आणि मधला भाग लावला. पियानोचा पहिला सूर आला, मागोमाग दुसरा. आणि तीन दिवस दगडासारखी पडलेली माझी आत्या हलली. आनंदाने मी फोन आणखी जवळ नेला. पण तिच्या कपाळावर आठी उमटली होती. तिने मान, जेवढी वळत होती तेवढी, फोनपासून दूर वळवली. चादरीवरचा डावा हात तळवा खाली करून उचलला आणि ती हवेला दाबू लागली. पुन्हा. पुन्हा. घशातून एक आवाज येऊ लागला, त्याला हुंदका म्हणावं की विव्हळणं, मला ठरवता येईना.

"बंद करा ते," सिस्टर धावत आली. "आजींना त्रास होतोय, दिसत नाही का तुम्हाला?"

दिसत होतं. फार उशिरा दिसत होतं. ज्या बाईला आपलं म्हणून काही मागायची सवय नव्हती, तिची जगातली एक गोष्ट मी सुधारून भंगारात घातली होती, आणि आता तिला परत बोलवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत हसत म्हणतो. त्या म्हणीतला मारुती इतका भयंकर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी मोबाईलवर गती कमी-जास्त करण्याचं एक ॲप उतरवून घेतलं. गती कमी केली की सूरही खाली येत होता, टेपसारखाच. पण किती कमी? मी थोडं सरकवून पाहिलं, वाटलं हेच. आणखी थोडं सरकवलं, तेही तसंच वाटलं. डोळे मिटून फणसवाडीतलं ऊन आठवलं, ती खरखर आठवली, कैरीची चव आठवली. सूर तेवढा आठवेना. अख्खं बालपण ज्या गतीत गेलं ती गती मला सांगता येत नव्हती. एवढं मात्र ठाऊक होतं की तो सूर पेटीच्या पांढरी दोनवर बसायचा. म्हणून मोबाईलवरच एक पेटी शोधली, पांढरी दोन दाबली, आणि शुद्ध रेकॉर्डिंग आधी मूळ गतीतच लावलं. ते अचूक जुळलं. म्हणजे शुद्ध रेकॉर्डिंगही पांढरी दोन आणि आत्याची उतरलेली कॅसेटही पांढरी दोन? दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. ती पेटीच पाहायला हवी होती. मी उठलो आणि लालबागच्या दिशेने चालत सुटलो.

मसाला गल्लीत मसाले कुटणारे डंक चालू होते. प्रत्येक डंकाची चाल निराळी, आणि सगळ्यांचे घाव मिळून माझ्या डोक्यात असलेला-नसलेला सूरही कुटून निघत होता. भजनी मंडळाची खोली एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर होती. दाराशी परबबुवा बसले होते. पूर्वी गिरणीत होते, आता ऐंशी ओलांडलेले, मंडळाचे मुख्य. मी धापा टाकत आत्याचं नाव सांगितलं, तिला काय झालंय ते सांगितलं.

"अरे देवा," ते म्हणाले. "नलूबाई? चांगलं माणूस रे! तुमका काय होया?"

"पेटी बघायची आहे. दोनच मिनिटं."

त्यांनी फडकं काढून पेटी पुढे केली. मी भाता ओढला, पांढरी दोन दाबली आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर तोच शुद्ध सूर लावला. दोन्ही सूर एकमेकांना घासत थरथरू लागले. पेटी स्पष्ट खाली होती.

"बुवा, ही उतरली आहे."

"उतरलेलीच आसा," बुवा शांतपणे म्हणाले. "बाईंनी देतानाच सांगितलेला, हिका परत लावू नकात म्हणून. त्यांची ती कसली कॅसेट होती, तिच्याशी जुळवून सगळे सूर खाली करून घेतलेले म्हणे. पयल्यांदा आमका त्रास झालो. टाळ आणि पेटी जुळत नसत. आता सगळी मंडळी ह्याच सुरात गातत. दुसरी पेटी आणली तर कोणाचो गळो लागूचो नाय."

मी पुन्हा एकदा पांढरी दोन दाबून पाहिली. लोक पेटीवर गाणं बसवतात. आत्याने एका सैल पट्ट्याच्या टेपवर अख्खी पेटी बसवून घेतली होती. कारागिराकडून एकेक सूर खाली करून घेताना तिने त्याला काय सांगितलं असेल? कॅसेट हळू चालते हे तिला, कोमल गांधार ओळखणाऱ्या त्या कानांना, पहिल्या दिवसापासून माहीत असणार. चूक तिलाही दिसली होती. तिने ती तशीच ठेवून बाकीचं घर तिच्याभोवती लावून घेतलं, आणि मी त्याच चुकीला घराबाहेर काढलं.

बुवांनी स्वतः भाता धरला. मी मोबाईलवरची गती कणाकणाने खाली आणत गेलो. थरथर दाट झाली, मग विरळ झाली, तिचे हेलकावे लांबत गेले, आणि एका जागी ती पूर्ण थांबली. पियानो आणि पेटी एक झाले. त्या क्षणी मला सूर आठवला नाही. खोली आठवली, तिच्या नऊवारी पातळाच्या घड्यांचा वास आठवला. बुवांच्या पाया पडलो की नाही, आठवत नाही. बहुधा राहूनच गेलं.

वॉर्डात पोचलो तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. सिस्टरने मला पाहून तोंड वळवलं, पण अडवलं नाही. मी फोन उशीवर ठेवला आणि मधला भाग लावला.

पहिला सूर आला. कपाळावर आठी आली नाही. दुसरा सूर यायला लागणारा तो दीर्घ, असह्य अवकाश गेला, आणि त्या अवकाशात आत्याचे डोळे क्रेनवरून निघून वॉर्डाच्या छतावर आले, तिथून खाली, फोनपर्यंत आले. व्हायोलिनं सुरू झाली तेव्हा तिचा डावा हात चादरीवर हलू लागला. या वेळी तो हवेला दाबत नव्हता. बोटं उघडत होती, मिटत होती, उघडत होती; भाता ओढताना हात जसा चालतो तसा. उजवा हात, ज्याने पट्ट्या दाबायच्या, तो शेजारी लाकडासारखा पडला होता. सूर काढणारा हात गेला होता आणि हवा भरणारा तेवढा उरला होता, आणि तो आपलं काम करत होता. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. मी वाकून म्हणालो, "आत्या, माझं चुकलं गं. मी ती कॅसेट टाकायला नको होती." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहावं असा माझा हक्कही नव्हता. पण ती होती, त्या देहात ती होती, सगळीच्या सगळी होती, आणि ऐकत होती.

शेवटचा सूर विरला आणि हात थांबला. मी पुन्हा लावलं. हात हलला नाही. तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं, "आत्या, ऐक ना, हीच आहे, तुझीच आहे," असं बडबडत राहिलो. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघून डोळे पुसू लागली. शेवटी सिस्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झोपल्यात त्या," ती म्हणाली. आत्याचे डोळे उघडे होते. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी मी त्याच वेळी तोच भाग ऐकवला. क्रेन हलत होती, आत्या हलली नाही. गुरुवारी सकाळी, मी लिफ्टमध्ये असताना, ती गेली.

डॉक्टरांना मी त्या हाताबद्दल सांगितलं होतं. त्यांनी फाईलमध्ये लिहून घेतलं, आणि हा प्रतिसाद चांगला होता, असं म्हणाले. चांगला होता, हो. फक्त सहा वर्षं उशिरा होता, आणि उशीर माझा होता.

आता मोबाईलमध्ये दोन्ही आहेत, शुद्ध आणि आत्याचं. लीना म्हणते, दोन्ही ऐकत जा, सुंदरच आहे. मी कधीकधी ऑफिसातून आल्यावर शुद्ध रेकॉर्डिंग लावतो, कारण दुसरं ऐकण्याचं धैर्य रोज होत नाही. ते वेळेवर सुरू होतं आणि वेळेवर संपतं. मी एकदा मोजलं, एवढ्याशा फरकाने आत्याचा मधला भाग जेमतेम अर्धं मिनिट जास्त चालतो. म्हणून शुद्ध रेकॉर्डिंग संपलं, घरात शांतता झाली आणि बायकोने चहासाठी हाक मारली, तरी मी लगेच उठत नाही. आमच्यासाठी सगळं संपलेलं असतं, तिचं अजून अर्धं मिनिट बाकी असतं. आणि ते एकटीने ऐकायला तिला पुन्हा सोडून जाणं मला जमत नाही.